भिंत बंद होण्याआधी: घरात नेटवर्कच्या आणि टीव्हीच्या तारा कशा टाकायच्या

दादर-परळपासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. नव्या घराची चावी मिळते तेव्हा हॉलमध्ये एक टीव्ही पॉइंट आणि एक टेलिफोन पॉइंट असतो. बिल्डर दिलदार असेल तर बेडरूममध्येही तसेच दोन. टेलिफोन पॉइंटची पट्टी उघडली, तर आत बारीक तारांची एखाद-दुसरी जोडी निघते. आजच्या इंटरनेटला तिचा उपयोग शून्य. मग फायबरवाला येतो, खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो, हॉलच्या कोपऱ्यात पांढरा डबा ठोकतो आणि निघून जातो. रात्री मागच्या खोलीत मीटिंग सुरू झाली की चेहरा गोठतो आणि आवाज तुटतो.

इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन (स्टार रेटिंग) देण्याचे नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले. हे तारांकन इमारतीला मिळणार. मागच्या खोलीतल्या टेबलापर्यंत तार नेण्याचं काम मात्र घरमालकाचंच, आणि ते स्वस्तात करण्याची वेळ एकच: रंग लागण्याआधी, पीओपी होण्याआधी, भिंती उघड्या असताना.

घरात येतं ते नेमकं काय?

साधारणपणे तीन प्रकारच्या तारा दारापर्यंत येतात. पहिली फायबर, म्हणजे काचेचा केसाएवढा धागा. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. घरातला पांढरा डबा या प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक वेळा राउटर, म्हणजे एक जोडणी घरातल्या सगळ्या उपकरणांत वाटणारा भाग, त्याच डब्यात असतो. ओएनटीच्या पुढे आठ तारांची इथरनेट केबल लागते. या लेखात ‘नेटवर्कची तार’ म्हटलं की तीच समजायची.

दुसरी केबल टीव्हीची जाड गोल केबल: मधे एक तार, भोवती पांढरा फोम, त्यावर जाळी आणि बाहेर काळं किंवा पांढरं आवरण. हिचं नाव कोअॅक्स. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलचं जुनं प्रक्षेपण बंद होऊन सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तरी घरात येणारी केबल बदलली नाही. पूर्वी एक केबल फोडून तीन टीव्ही चालत. आता प्रत्येक टीव्हीला स्वतःचा बॉक्स लागतो आणि प्रत्येक बॉक्सपर्यंत केबल न्यावी लागते. काही केबलवाले एकाच फायबरमधून वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशावर इंटरनेट आणि टीव्ही दोन्ही पाठवतात. तिथेही डब्यापासून बॉक्सपर्यंतचा शेवटचा टप्पा कोअॅक्सचाच.

तिसरी डिशची केबल. दिसायला दुसरीसारखीच, पण वागायला वेगळी. तिचं पुढे पाहू.

वाय-फाय असताना तारा कशाला?

चाळीतला सामायिक नळ आठवा. पाणी भरपूर असलं तरी एका वेळी एकच बादली भरते, बाकीचे रांगेत. वाय-फायचं असंच आहे. एका चॅनलवर एका क्षणी साधारण एकच उपकरण बोलतं, बाकीची थांबतात. त्या रांगेत तुमच्या घरातली उपकरणं असतातच, शिवाय वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरांतलीही असतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन: १, ६ आणि ११. टॉवरच्या एका मजल्यावर आठ घरं असतील, तर तीन नळांवर किती बादल्या, ते तुम्हीच मोजा. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात जागा जास्त आहे, पण त्या लहरी भिंतीत लवकर दमतात. काँक्रीटचा खांब, बाथरूमच्या टाइल्स, पाण्याचे पाइप, मोठा आरसा यांतलं काहीही वाटेत आलं की वेग कोसळतो.

तार म्हणजे प्रत्येक खोलीला स्वतंत्र नळ. टीव्ही, टेबलावरचा संगणक, कॅमेरा अशी जागा न सोडणारी उपकरणं तारेवर गेली की हवेतली रांग फक्त मोबाइल आणि लॅपटॉपची उरते. म्हणून तार टाकल्याने वाय-फायही सुधारतं.

‘मग रिपीटर लावू’ असं बरेच जण म्हणतात. रिपीटर त्याच नळाखाली दुसरी बादली धरतो: आलेला संदेश हवेतून ऐकतो आणि पुन्हा हवेतच ओरडून सांगतो. एकाच पट्ट्यावर चालणारा असेल तर वेग साधारण निम्मा होतो. तोच डबा तारेने जोडला की ही दुहेरी फेरी वाचते.

सगळ्या वाटा एका डब्यातून

वायरमनला सवय असते लाइटच्या वायरिंगची. एका पॉइंटवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी ती लूप करत नेतात आणि विजेला ते चालतं. नेटवर्कला चालत नाही. प्रत्येक पॉइंटची केबल मधे न जोडता, न फोडता थेट एका जागी आली पाहिजे. कोअॅक्सलाही हाच नियम. कामाला सुरुवात होण्याआधी हे वायरमनला दोनदा सांगा आणि कागदावर काढून द्या. नाहीतर हॉलच्या बोर्डामागे तीन केबलींच्या तारा पिळून त्यावर काळी टेप गुंडाळलेली सापडेल.

ती एक जागा म्हणजे नेटवर्कचा डबा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्याला सर्वात सोयीची जागा म्हणजे मुख्य दाराजवळचं चपलांचं कपाट किंवा त्यावरचा माळा, कारण इमारतीचा डक्ट (मजल्यामजल्यांतून केबली आणि पाइप नेणारा उभा बोळ) बहुधा दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये असतो. साधारण ३० बाय ४० सेंटिमीटर जागा, ६ अँपियरचे किमान तीन सॉकेट आणि हवा खेळण्यासाठी जाळी एवढं पुरे. ओएनटी, नेटवर्कचा स्विच (एका तारेवरून अनेक तारांना जोडणी देणारी पेटी) आणि त्यांचे अडॅप्टर दिवसभर गरम असतात. बंद लाकडी खणात ठेवले तर मे महिन्यात आपोआप बंद-चालू होऊ लागतात. डबा लोखंडी असेल तर वाय-फाय देणारं यंत्र त्यात ठेवू नका, लहरी आतच अडकतील. वीज मीटरच्या मागची भिंत आणि बाथरूमची ओली भिंत टाळा.

या डब्यापासून बाहेर दोन वाटा हव्यात: एक डक्टकडे, दुसरी खिडकीच्या ग्रिलकडे. कुठलाही केबलवाला, फायबरवाला किंवा डिशवाला आला तरी त्याने या दोनपैकी एका वाटेने आत यायचं. त्यामुळे कंपनी बदलली तरी चौकटीला नवं भोक पडत नाही.

कुठे किती तारा?

समजा ६५० चौरस फूट कार्पेटचं दोन बेडरूमचं घर आहे. हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीवर नेटवर्कच्या दोन आणि कोअॅक्सची एक. कामाच्या टेबलाशी नेटवर्कच्या दोन. दुसऱ्या बेडरूमच्या टीव्हीशी नेटवर्कच्या दोन, कोअॅक्सची एक. पॅसेजच्या छताला वाय-फायच्या दुसऱ्या डब्यासाठी एक. दाराबाहेरच्या कॅमेऱ्यासाठी एक. झाल्या नेटवर्कच्या आठ आणि कोअॅक्सच्या दोन. ग्रिलकडून डब्याकडे येणाऱ्या कोअॅक्स त्याशिवाय.

प्रत्येक ठिकाणी दोन कशाला? खर्च झिरी (पाइप बसवण्यासाठी भिंतीत पाडलेली खाच) आणि पाइपचा असतो. त्याच पाइपमधून दुसरी केबल न्यायला मजुरी जवळजवळ काहीच लागत नाही. एक तुटली तर दुसरी हाताशी असते.

लांबी मोजताना खोल्यांमधलं सरळ अंतर मोजू नका. केबल डब्यातून छताकडे चढते, कडेकडेने जाते आणि पुन्हा खाली उतरते. सात मीटरवरची खोली असली तरी दहा-बारा मीटर लागतातच. वर डब्यापाशी अर्धा मीटर आणि पॉइंटमागे ३० सेंटिमीटर राखीव सोडायचे. आठ गुणिले बारा म्हणजे ९६ मीटर. १०० मीटरचं बंडल आणलं आणि एक केबल ओढताना खराब झाली, तर काम तिथेच अडतं. ३०५ मीटरचं खोकं मीटरमागे स्वस्त पडतं. मजल्यावरचे दोन-तीन शेजारी एकाच वेळी काम काढत असतील तर एक खोकं वाटून घेणं सर्वात शहाणपणाचं.

पॅसेजच्या छतावरच्या वाय-फाय डब्याला वेगळा प्लग लागत नाही. पीओई पद्धतीत वीज नेटवर्कच्या केबलमधूनच जाते. साध्या प्रकारात स्विचकडून १५.४ वॉटपर्यंत आणि पुढच्या प्रकारात ३० वॉटपर्यंत. त्यासाठी तसा स्विच किंवा छोटा इंजेक्टर डब्यात ठेवावा लागतो.

खरं काम पाइपचं

केबल दहा वर्षांनी जुनी होईल, पण भिंत दहा वर्षांनी फोडायची नसते. म्हणून पाइप नीट टाका. पाइप नीट असला तर केबल कधीही बदलता येते. प्लास्टरमध्ये नुसती केबल दाबून टाकणारे कारागीर आहेत. त्यांना तेवढ्यापुरतं थांबवा.

पाइपचा एक हिशोब आहे. पाइपच्या पोकळीतली सुमारे ४० टक्के जागाच भरायची, नाहीतर केबल ओढताना घासते आणि अडकते. २५ मिलिमीटर पाइपची आतली रुंदी २१ मिलिमीटरच्या आसपास असते. ६ मिलिमीटरच्या कॅट-६ (नेटवर्कच्या तारेचा घरासाठीचा प्रकार) केबली त्यात कागदावर पाच बसतात, पण वळणं धरली तर चारच टाका. दोन कॅट-६ आणि एक कोअॅक्स आरामात जातात. २० मिलिमीटरच्या पाइपमध्ये दोनच कॅट-६ धरा. दोन्ही पाइपच्या किमतीतला फरक किरकोळ आहे, तेव्हा सरसकट २५ घ्या.

दोन ओढ-जागांच्या (जिथून केबल ओढता येते अशा जागांच्या) मधे काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. तिसरं वळण आलंच तर तिथे जंक्शन बॉक्स ठेवा. आखूड एल्बो लावू नका, लांब बेंड लावा. कॅट-६ला तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा, तीव्र वळण सोसत नाही. आतल्या जोड्यांची पिळण बिघडते आणि संकेत वाटेतच परततो. केबल दोघांनी ओढायची: एकाने पुढून ओढायची, दुसऱ्याने मागून ढकलायची. अडकली म्हणून पक्कडीने हिसका मारला की आतली तार ताणली जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण वेग कायमचा जातो. पाइप रिकामा असो वा भरलेला, आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पुढची केबल तिलाच बांधून ओढायची.

विजेच्या पाइपमधून नेटवर्कची केबल नेऊ नका. आधी प्रश्न सुरक्षेचा आहे: आवरण घासलं तर २३० व्होल्ट थेट तुमच्या टीव्हीत आणि हातात. संकेतांतला गोंधळ त्यानंतरचा. समांतर जाताना १५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. बोर्डही वेगळा हवा. एकाच मेटल बॉक्समध्ये प्लगचं सॉकेट आणि नेटवर्कचा जॅक नको.

मुंबईच्या नव्या टॉवरांत एक अडचण हमखास येते. बऱ्याच ठिकाणी मिवान पद्धतीने बांधकाम होतं. ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओततात. त्या भिंती इमारतीचं वजन पेलतात, त्यात झिरी मारायची नसते. जुन्या पद्धतीच्या इमारतीतही खांब आणि तुळईला हात लावायचा नाही, विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीतच झिरी. मिवानच्या घरात बिल्डरने साच्यातच टाकून ठेवलेले पाइप शोधा. टेलिफोन पॉइंटमागची निरुपयोगी तार ओढून काढली की तिच्या जागी कॅट-६ जाऊ शकते. जुन्या तारेलाच नवी केबल आणि दोरी बांधून ओढायची. ते जमलं नाही तर फॉल्स सीलिंगमधून न्या. तेही नसेल तर छताच्या कडेने केसिंग पट्टी (आत केबल लपवणारी प्लास्टिकची पोकळ पट्टी) मारा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणखी एक पाइप लोक हमखास विसरतात. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीमागून खालच्या कपाटापर्यंत ५० मिलिमीटरचा सरळ पाइप. एचडीएमआय केबलचं डोकं २५च्या पाइपमधून वळणासकट जात नाही. हा पाइप नसला की लाखाच्या टीव्हीखाली काळ्या तारांची वेणी लोंबते.

कोणती केबल घ्यायची?

घरासाठी कॅट-६, आवरणावर जाळी नसलेली, आतली तार एकसंध आणि शुद्ध तांब्याची. जुनी कॅट-५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट सहज देते. तुमच्या भिंतीत ती आधीच असेल तर काढायची गरज नाही. कॅट-६ कमी अंतरात, साधारण ५५ मीटरपर्यंत, १० गिगाबिट देऊ शकते आणि फ्लॅटमध्ये तेवढं अंतर होतच नाही. कॅट-६ए जाड आणि ताठ असते, पाइप लवकर भरते. दुकानदार कॅट-७ किंवा कॅट-८ पुढे करेल. कॅट-८ ही ३० मीटरच्या आतल्या डेटा सेंटरच्या जोडण्यांसाठी आहे. दोन्हींत धातूचं कवच असतं. ते नीट अर्थ केलं नाही तर फायदा उरत नाही. घरी ते नीट अर्थ करणारा क्वचितच भेटतो.

फसवणूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. स्वस्त केबलमध्ये तांब्याची तार नसते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सीसीए’ लिहिलेलं असतं किंवा लिहिलेलंच नसतं. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, म्हणून पीओईची वीज पाठवली की ती जास्त तापते. तार ठिसूळ असते, जॅकमध्ये ठोकताना तुटते. ओळख सोपी आहे. लॅमिंग्टन रोडच्या किंवा लोहार चाळीच्या बाजारात उभ्या उभ्याही करता येते: आतल्या तारेचं टोक ब्लेडने खरवडा. लाल राहिलं तर तांबं, चंदेरी झालं तर परत द्या. दुसरी खूण वजनाची. २३ गेजच्या कॅट-६च्या ३०५ मीटरच्या खोक्यात नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या घरात असतं. अख्खं खोकं एका हाताने लीलया उचललं गेलं तर शंका घ्या.

कोअॅक्समध्ये मात्र मुलामा म्हणजे फसवणूक नव्हे. टीव्हीच्या उच्च वारंवारितेचा संकेत तारेच्या पृष्ठभागावरूनच धावतो, त्यामुळे आत पोलाद आणि वर तांबं चालतं. डिशच्या केबलमधून वीजही जाते, म्हणून गच्चीपासूनच्या लांब केबलला मधली तार पूर्ण तांब्याची असलेली बरी.

शेवटची काही मिलिमीटर

नेटवर्क बिघडतं ते बहुधा केबलच्या टोकाला. कॅट-६मध्ये तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो, ही त्या पिळणीची करामत. जॅकमध्ये बसवताना पिळण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. सोय म्हणून वायरमन दोन-तीन इंच सोलतो, तिथेच घात होतो.

भिंतीतली एकसंध तार थेट प्लगमध्ये क्रिंप करू नका. ती भिंतीवरच्या जॅकमध्ये (बाजारात त्याला आयओ म्हणतात) पंचिंग टूलने ठोकायची आणि तिथून उपकरणापर्यंत लवचीक तयार पॅच कॉर्ड लावायची. एकसंध तार वारंवार वाकवली की मोडते. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवायचा. आपल्याकडे टी५६८बी रूढ आहे: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ‘रंगाला रंग लावून सरळ जोडलं’ असं म्हणत जोड्या शेजारी-शेजारी लावणारे भेटतात. तसं केलं तर ३ आणि ६ क्रमांकांवर एका जोडीऐवजी दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात. आठ दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर सगळे दिवे ओळीने लागतात, तरी वेग मिळत नाही, कारण टेस्टर तार कुठून कुठे गेली एवढंच बघतो, जोडी बघत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. ३०० एमबीपीएसचं कनेक्शन असून तारेवर वेग ९४-९५च्या वर जातच नसेल तर कंपनीला फोन करू नका. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एखादी तार जॅकमध्ये नीट बसली नसेल तर दोन्ही यंत्रं गुपचूप खालच्या वेगावर येतात. जॅक उघडून पुन्हा ठोका. तरीही फरक पडला नाही तर जुना स्विच किंवा पॅच कॉर्ड तपासा.

टीव्हीची केबल आणि कटिंग चहा

कोअॅक्समध्ये आरजी-६ घ्या. जुनी बारीक आरजी-५९ संकेत लवकर गमावते. दोन्हींचा इम्पिडन्स (बदलत्या संकेताला होणारा अडथळा) ७५ ओहम, म्हणून जोडल्या तर चित्र दिसतं आणि चूक लक्षात येत नाही.

संकेताची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल कमी झाले की ताकद निम्मी. एका चहाची दोघांत कटिंग केली की प्रत्येकाला अर्धा, आणि ओतताना थोडा बशीत सांडतो. दोन फाट्यांच्या स्प्लिटरचंही तसंच आहे. प्रत्येक फाट्यावर सुमारे ३.५ डेसिबल जातात. चार फाट्यांचा असेल तर ७ किंवा थोडे जास्त. म्हणून दोन टीव्ही असताना ‘पुढे-मागे लागेल’ म्हणून चार फाट्यांचा स्प्लिटर लावू नका. मोकळ्या फाट्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा, नाहीतर उघड्या टोकावरून संकेत परत फिरतो.

डिजिटल टीव्हीची गंमत अशी की संकेत हळूहळू कमी झाला तरी चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि मग एकदम चौकोन पडतात. पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत. त्यामुळे ‘काल तर नीट होतं’ या तक्रारीत दम असतो. कालही ते काठावरच होतं. अशा वेळी बाजारातून ॲम्प्लिफायर आणून लावला जातो. तो संकेताबरोबर गोंधळही वाढवतो. लावायचाच असेल तर स्प्लिटरच्या आधी, संकेत अजून धड असताना.

टोकाला एफ कनेक्टर येतो. पिळून बसवायचा स्वस्त कनेक्टर सैल होतो. कॉम्प्रेशनचा घ्या. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर सुमारे ३ मिलिमीटर यावी. जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये. टीव्हीवर काहीच येत नसेल तर आधी तोच केस शोधा.

डिशला यातलं बरंचसं लागू नाही. सेट टॉप बॉक्स केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून डिशवरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या, संकेत पकडणाऱ्या डोक्याला) सांगतो की कोणत्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे उभ्या की आडव्या लहरींचे, चॅनल हवेत. दोन बॉक्स एका केबलवर साध्या स्प्लिटरने लावले तर एक १३ मागतो, दुसरा १८, आणि एका खोलीत चॅनल बदलला की दुसऱ्या खोलीतला जातो. दोन टीव्हींना दोन तोंडांचा एलएनबी आणि गच्चीपासून दोन केबली लागतात. ग्रिलकडची वाट २५ मिलिमीटरची ठेवण्याचं हे एक कारण.

पावसाळा, खारी हवा आणि उंदीर

बाहेरून आत येणारी केबल खिडकीपाशी आधी थोडी खाली झोळ देऊन मग वर चढवून आत घ्या. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं. झोळ नसला तर ते केबलवरून सरळ तुमच्या भिंतीत शिरतं. भोक आतून बाहेर उतरतं पाडा. बाहेरच्या एफ कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. साधी काळी टेप एका पावसाळ्यात सुटते. समुद्राजवळच्या घरांत पितळी कनेक्टरही हिरवे पडतात. दर दोन वर्षांनी उघडून बघा. गच्चीवरच्या डिशच्या खांबाला अर्थिंग हवं.

डक्टमधल्या उंदरांना केबलचं आवरण आवडतं. घराच्या भिंतीतून डक्टमध्ये जाणाऱ्या पाइपचं तोंड लोखंडी जाळीने किंवा स्टील वूलने बंद करा. फोम पोखरला जातो.

फायबरचा धागा वाकायला घाबरत नाही असं फायबरवाले म्हणतात. वळण सोसणाऱ्या नव्या प्रकाराला ते बऱ्यापैकी लागू आहे, पण दाराच्या फटीत चिरडलेल्या धाग्याला नाही. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या टोकाच्या सॉकेटमध्ये घालू नका. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, दोघांचं तोंड जुळत नाही.

‘केबल टीव्ही आता बघतो कोण?’

रास्त प्रश्न आहे. घरात सगळेच मोबाइलवर आणि इंटरनेटवरून बघत असतील तर कोअॅक्सची एकच वाट, हॉलपर्यंत, पुरेशी. पण आजी-आजोबांना रिमोटवर आकडा दाबून मालिका लागायला हवी असते, आणि घर पुढे भाड्याने दिलं तर भाडेकरूची निवड आपल्या हातात नसते. वाट ठेवा, केबल नंतर ओढा.

‘घर भाड्याचं आहे, झिरी कशी मारू?’ मारू नका. दाराच्या चौकटीच्या कडेने जाणारी चपटी कॅट-६ किंवा १६ मिलिमीटरची चिकटवायची केसिंग पट्टी वापरा. फक्त टेबलापर्यंत एकच तार नेली तरी मीटिंग सुटते. विजेच्या तारांवरून इंटरनेट नेणारे अडॅप्टरही मिळतात, पण ते एक्स्टेंशन बोर्डात लावले तर हमखास अडखळतात. भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा.

‘दुसरा वाय-फाय डबा लावला, आता एका खोलीतला प्रिंटर दुसऱ्या खोलीतून दिसत नाही.’ दुसरं यंत्र राउटर म्हणून चालू आहे. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. तशी सोय नसेल तर त्याचा पत्तेवाटप विभाग (डीएचसीपी) बंद करा, पत्ता बदला आणि तार त्याच्या लॅन भोकात लावा. आणि साफसफाईत मोकळं टोक दिसलं म्हणून पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच साध्या स्विचमध्ये खोचली, तर संदेश गोल गोल फिरून अख्खं घर ठप्प होतं. असं अचानक झालं तर सगळ्यात आधी हेच बघा.

पीओपीवाला येण्याच्या आदल्या दिवशी

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक घाला. कागदी चिठ्ठी नको, पुसली न जाणारी शाई आणि वर पारदर्शक टेप. ‘हॉल टीव्ही १, हॉल टीव्ही २, टेबल १’ असं. सगळ्या केबली प्लास्टरआधी एकदा टेस्टरवर तपासा आणि रंगकाम संपल्यावर पुन्हा. मधल्या काळात सुतार खिळा मारतो. मोकळी टोकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॉक्समध्ये आत ढकला, नाहीतर पुट्टी जॅकमध्ये भरते.

मग मापपट्टी भिंतीला टेकवून प्रत्येक झिरीचा फोटो काढा: जमिनीपासून किती उंच, कोपऱ्यापासून किती लांब. फोटो मोबाइलमध्ये ठेवाच आणि छापून चपलांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दोन वर्षांनी एसीवाला ड्रिल घेऊन येईल तेव्हा आधी तो दाखवा, मगच त्याला प्लग दाखवा.